उत्तर पाणथळीतला वटवट्या

५ फेब्रुवारी

ताई,

विषय : निवृत्तीनंतरचे पहिले चार महिने.

फोन न करता पत्र लिहितोय, याला कारण फोनच. तुझा आवाज हल्ली विहिरीच्या तळाशी बसून बोलल्यासारखा येतो. टेलिफोन कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. फोन ठणठणीत आहे असं त्याने लिहिलं आणि खाली माझी सही मागितली. मी दिली नाही. वीजकेंद्रातला टर्बाइन विभाग मी चौतीस वर्षं सांभाळला, पण बिघडलेल्या यंत्राला चांगलं म्हणणाऱ्या कागदावर कधी सही केली नाही.

निवृत्तीची सुरुवात बरी झाली नाही. पहिले पंधरा दिवस मी पहाटे साडेचारला उठून, दाढी करून, बूट घालून खुर्चीत बसायचो. मग घरातल्या यंत्रांकडे लक्ष दिलं. फ्रीज, पाण्याचा पंप, कपडे धुण्याचं मशीन, प्रत्येकाला एकेक वही केली आणि दर दोन तासांनी नोंद घ्यायला लागलो. मिक्सरच्या वहीचं तिसरं पान लागलं त्या दिवशी ही म्हणाली, की तुम्ही घराबाहेर जाऊन काहीतरी बघा. मग मी पक्षी बघायला लागलो.

इथे एक पक्षीमंडळ आहे. त्याच्या प्रमुख एक दंतवैद्य बाई आहेत, नुकताच दवाखाना बंद केलेल्या. बोलताना त्या समोरच्याच्या दातांकडे बघतात. मीही बोलणाऱ्याच्या तोंडाकडेच बघतो, त्यामुळे आमचं लगेच जमलं. त्यांनी मला तळ्याच्या उत्तरेकडची पाणथळ नेमून दिली आहे. तिथे लव्हाळ्यांत लहान वटवट्या नावाचा पक्षी राहतो. अंगठ्याएवढा, मातकट रंगाचा, आणि सहसा दिसत नाही. म्हणून त्याची मोजणी आवाजावर करतात. आठवड्यातून तीन सकाळी ठरलेल्या दहा जागांवर पाच-पाच मिनिटं बसायचं आणि किती पक्षी गाताना ऐकू आले ते लिहायचं. गेल्या वर्षी अडतीस होते. पाणथळ राखीव असल्याची पाटी नगरपालिकेने ह्या एका पक्ष्यासाठी लावली आहे, त्यामुळे काम जबाबदारीचं आहे. वही नीट ठेवणारा दुसरा कुणी मंडळात नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं.

घरी शांतता असते. ही पूर्वी खूप बोलायची, आता कमी बोलते. वयाबरोबर माणूस अंतर्मुख होतो म्हणतात.

तुझं पोहणं कुठवर आलं?

तुझा,
धाकटा

२० फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. घरच्या पत्राला विषय घालणारा तू आपल्या खानदानातला पहिलाच.

माझा आवाज लांबून येतो म्हणालास म्हणून मी माझा फोन बदलून घेतला. नव्या फोनवरून तुला लावला, तर तू तीनदा ‘कोण?’ विचारलंस आणि चौथ्यांदा ‘आम्हाला नको आहे’ म्हणून ठेवून दिलास. तेव्हा पत्रच बरं.

पोहणं उत्तम चाललंय. सदुसष्टाव्या वर्षी पाण्यात उतरणारी आमच्या तुकडीत मी एकटीच. शिकवणारी मुलगी चोवीस वर्षांची आहे, मला आजी म्हणते आणि शिटी वाजवते. बसच्या वेळापत्रक विभागात मी तीस वर्षं काढली, पण माझ्यावर शिटी वाजवायची कुणाची टाप नव्हती. आता रोज आठ फेऱ्या मारते. दम लागत नाही.

तुझ्या बायकोचं मला समजलं नाही. ती आणि अंतर्मुख? तुमच्या लग्नात फोटोवाल्याने तिला दोन मिनिटं तोंड मिटायची विनंती केली होती. सगळ्या फोटोंत ती काहीतरी सांगतानाच आली आहे. नीट बघ जरा तिच्याकडे.

वटवटे किती झाले ते कळव.

ताई

१८ मार्च

ताई,

विषय : उत्तर पाणथळीतील वटवट्यांची स्थिती.

स्थिती वाईट आहे. दीड महिन्यात वीस सकाळी मी पाणथळीत बसलो. जागा दहा, म्हणजे दोनशे नोंदी. दोनशेच्या दोनशे शून्य आहेत. एकही वटवट्या गायला नाही.

पहिल्या आठवड्यात वाटलं थंडी आहे. मग वाटलं, मी बसतोय ती जागा चुकतेय, म्हणून टेप धरून जागा पुन्हा मोजल्या. त्या बरोबर निघाल्या. दंतवैद्य बाईंना वही दाखवली तेव्हा त्यांचा चेहरा पडला. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांना पाणथळीत उतरता येत नाही. त्यांनी मला दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, बाई, माझ्या वहीत आजवर चुकीचा आकडा गेलेला नाही. बाकीच्या सभासदांनीही मान्य केलं, की बाकी कशावर नाही तरी माझ्या वहीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

अहवालाची एक प्रत मी माहितीसाठी नगरपालिकेला पाठवली आहे. संबंधित सगळ्या खात्यांना प्रत द्यायची सवय आहे.

हे सोडलं तर मजेत आहे. सकाळी धुकं असतं. छोटी होडी घेऊन आत जातो आणि वल्ही आत घेऊन बसतो. इतकी शांतता मी आयुष्यात अनुभवली नव्हती. एक पान हलत नाही, एक किडा आवाज करत नाही. टर्बाइनच्या शेजारी चौतीस वर्षं काढल्यावर माणसाला आणखी काय हवं असतं?

ही बरी आहे. नीट बघ म्हणालीस म्हणून बघितलं. काल जेवताना तिने मला काहीतरी सांगितलं, मी ‘हो’ म्हटलं, तर ताट उचलून स्वयंपाकघरात गेली.

तुझा,
धाकटा

२७ मार्च

धाकट्या,

वटवट्यांचं वाईट वाटलं. पण आधी बायकोचं बघू.

तू तिला नक्की काय बोललास? मला खरं सांग. निवृत्त झालेला पुरुष घरात दिवसभर काय करतो ते मला ठाऊक आहे. तुझे भावोजी पहिल्या महिन्यात डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत सुटले होते. तूही काहीतरी बोलला असणार आणि तिने ते मनाला लावून घेतलं असणार. ती गप्प बसणाऱ्यांतली नाही. ती गप्प बसली म्हणजे पाणी डोक्यावरून गेलंय. तुझ्याकडून खरं कळायचं नाही, म्हणून मी तिलाच पत्र टाकलंय.

तोवर मिक्सरच्या वहीबद्दल तिची माफी माग. कारण सापडेल ते सापडेल, सुरुवात तिथून कर.

ताई

५ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र वाचलं. आमचं भांडण झालेलं नाही. परवा ह्यांनी अचानक मिक्सरबद्दल माफी मागितली तेव्हा मला वाटलं, मिक्सर फोडला की काय. जाऊन बघून आले.

खरं सांगायचं तर ह्यांना ऐकू येत नाही. तीन-चार वर्षं झाली, पण कामावर असताना घरी असायचेच किती? आता दिवसभर समोर असतात. एक गोष्ट मी एकदा सांगते, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा ओरडून. ओरडले की हे म्हणतात, चिडतेस कशाला? शेजारच्या बाई तर एकदा दारात येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. औषधाच्या दुकानात मी अर्धा दिवस गिऱ्हाइकांशी बोलून येते, घरी यायचं म्हणजे पुन्हा घसा खरवडायचा. हळूहळू मी ठरवलं, जे सांगितल्यावाचून चालेल ते सांगायचं नाही. मग लक्षात आलं, की बहुतेक गोष्टी सांगितल्यावाचून चालतात. तेच मला जास्त लागलं.

ह्यांना सांगून बघितलं नाही असं नाही. तुम्हाला ऐकू येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. ते ह्यांना ऐकू आलं नाही.

बाकी पक्ष्यांमध्ये हे खूष आहेत, त्याचं मला बरं वाटतं. मध्यंतरी चष्मा विसरून गेले होते, तो द्यायला मी पाणथळीवर गेले. हे होडीत ताठ बसले होते, वही मांडीवर. काय किलबिलाट होता हो तिथे. म्हणजे मोठा आवाज नाही, पण चारी बाजूंनी कुणीतरी बारीक बारीक घड्याळांना चाव्या देत बसल्यासारखा. मी काठावरच थांबले. मनात आलं, इतके पक्षी हे एकटे कसे मोजत असतील?

तुम्ही पोहायला जाता असं ह्यांनी सांगितलं. जपून.

तुमची भावजय

१४ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र बसून वाच.

मी तुला आधी माझं सांगते. मी आठ फेऱ्या मारत नाही. एकही मारत नाही. गेले तीन महिने मी उथळ भागात कठड्याला धरून चालते आहे. पाणी छातीच्या वर आलं की माझे पाय मागे फिरतात. ती मुलगी शिटी वाजवते ती त्यासाठीच. तुला आठ फेऱ्या लिहिल्या कारण तू माझा धाकटा भाऊ आहेस आणि मी तुझ्यासमोर कधी कशाला घाबरलेली नाही. आता तुझं सांगते.

तुझ्या पाणथळीत वटवटे आहेत. तुझी बायको चष्मा द्यायला आली होती त्या दिवशी तिने ते ऐकले. तुझ्या होडीच्या चारी बाजूंनी गात होते. तिला वाटलं तू मोजतो आहेस. तुला वाटलं शांतता आहे. दोघांची पत्रं माझ्याकडे येतात म्हणून ही गोष्ट फक्त मला दिसते आहे. मला ती दिसली नसती तर बरं झालं असतं.

फोन बिघडलेला नाही. माझाही बिघडला नव्हता. ती अंतर्मुख झालेली नाही, ती थकली आहे. आणि ज्या पक्ष्याचं नावच वटवट्या, तो दीड महिना गप्प बसतो हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

कान तपासून घे. त्यात लाज कसली?

ताई

२१ एप्रिल

ताई,

विषय : आपल्या १४ एप्रिलच्या पत्राचं खंडन.

१. कंपनीच्या दवाखान्यात माझे कान दरवर्षी तपासले जात. चौतीस वर्षांचे चौतीस दाखले माझ्याकडे आहेत. सगळ्यांवर ‘योग्य’ असा शिक्का आहे.

२. टर्बाइनच्या बेअरिंगला लोखंडी कांब लावून, नुसत्या कानाने बिघाड सांगणारा माणूस म्हणून अख्खं केंद्र मला ओळखायचं. दुसऱ्या केंद्रांतूनही मला बोलावणी येत.

३. हिला पक्ष्यांतलं काही कळत नाही. ते किडे असतील.

४. तू पोहत नाहीस हे वाचून वाईट वाटलं, पण त्याचा ह्याच्याशी संबंध नाही.

माहितीसाठी कळवतो की माझ्या अहवालाची नगरपालिकेने दखल घेतली आहे. नगर अभियंता पूर्वी आमच्याच केंद्रात माझ्या हाताखाली शिकला. त्याने स्वतः पत्र लिहिलंय, की सरांचं शून्य आम्हाला पुरेसं आहे, वेगळ्या पाहणीची गरज वाटत नाही. पक्षीच उरला नसल्यामुळे राखीव पाणथळीची पाटी काढावी आणि जागा भरून घेऊन तिथे बस उभ्या करायची सोय करावी, असा प्रस्ताव आहे. सुनावणी २५ मेला आहे. मला साक्षीला बोलावलंय.

पाणथळ जाणार याचं मला वाईट वाटतं. पण आकडा तो आकडा.

कळावे.

धाकटा

२८ एप्रिल

धाकट्या,

तुझे चारही मुद्दे वाचले. उत्तर एकाच गोष्टीचं दे.

केंद्रात एखादा काटा शून्य दाखवायला लागला की तू काय करायचास? तूच मला सांगितलं होतंस, की लगेच विश्वास ठेवायचा नाही, शेजारी दुसरा काटा लावून बघायचा.

बायकोला होडीत घेऊन जा. आवाज आला की तिला बोट वर करायला सांग. पाच मिनिटं लागतील. ती पाच मिनिटं तू टाळलीस आणि तुझ्या सहीवर ती पाणथळ बुजली, तर त्यानंतर मला पत्र लिहू नकोस.

ताई

१२ मे

ताई,

विषय : फेरतपासणी.

तुझं पत्र येऊन आठ दिवस मी काही केलं नाही. नवव्या दिवशी हिला म्हटलं, उद्या पाणथळीत चल. ती म्हणाली की दुकानात सुट्टी सांगावी लागेल, आणि लगेच सांगून आली.

आम्ही चौथ्या जागेवर थांबलो. ती पुढच्या फळीवर, मी मागे, वही मांडीवर. पहिल्या मिनिटात तिने तीनदा बोट वर केलं. मला वाटलं माशी हाकलतेय. मग तिने एकदा डावीकडे दाखवलं, एकदा अगदी आमच्या पाठीमागे. मी विचारलं, आत्ता? ह्या क्षणी? तिने मान डोलावली. मी श्वास रोखून धरला. समोर लव्हाळं दिसत होतं, वारा गालाला लागत होता. बाकी काही नव्हतं.

पाच मिनिटांत तिने अकरा वेळा बोट वर केलं. दहाही जागा केल्या. शेवटी शेवटी ती दोन पक्षी एकदम गायले की दोन बोटं दाखवायला लागली.

मी बराच वेळ वल्ही पाण्यात घातली नाहीत. ती माझ्याकडे तोंड करून वळली आणि सावकाश बोलली, म्हणून मला सगळं कळलं. ती म्हणाली, “मी गप्प बसले ती रागाने नाही. ओरडून सांगितलं की प्रत्येक गोष्ट भांडण वाटते. बटाटे संपले, हेसुद्धा.”

होडी काठाला लावली.

आता दाखल्यांचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. कान तपासायला एका खोलीत बसवायचे. कानात आवाज आला की बटण दाबायचं. तपासणारा दर आवाजाच्या वेळी मान खाली घालून यंत्राची कळ फिरवायचा. मान खाली गेली की मी बटण दाबायचो. नोकरीच्या विसाव्या वर्षापासून मी तसाच पास होत आलो. नापास झालेल्याला टर्बाइनवरून काढून भांडारात बसवत, नट-बोल्ट मोजायला. आणि ती लोखंडी कांब गेली दहा वर्षं मी कानाला लावतच नव्हतो. कानाशी नेल्यासारखी करून दाढेत धरायचो. बेअरिंगचा कंप दाढेतून चांगला कळतो.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी आलेख काढून दाखवला. रेघ सपाट जाते आणि मग धरणाच्या भिंतीसारखी सरळ खाली कोसळते. यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं बरंचसं परत येईल, पण वटवट्या त्या भिंतीच्या फार पलीकडे गातो, तो येणार नाही, असं ते म्हणाले. दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा मी ऐकूनही पुन्हा विचारलं.

सुनावणीला तेरा दिवस आहेत. नगर अभियंता मला अजून सर म्हणतो. मी विचार करतोय की प्रतिकूल हवामानामुळे फेरमोजणीची शिफारस करावी. एवढ्याने काम भागेल.

धाकटा

१९ मे

धाकट्या,

हवामानाला मध्ये आणू नकोस. आमच्या विभागात ‘प्रतिकूल हवामान’ असा तयार शिक्काच होता. बस उशिरा सुटली की मारायचा. तीस वर्षांत त्यावर एकाही प्रवाशाने विश्वास ठेवला नाही.

फेरमोजणी म्हणजे ते पुन्हा तुलाच पाठवतील. किंवा म्हणतील, सरांचं शून्य पुरेसं आहे. तुझं नाव मध्ये आहे तोवर दुसऱ्या कुणाचा आकडा खरा ठरणार नाही. ते तुलाच मोडायला हवं.

त्रास होईल. मी काल खोल भागात गेले. मधोमध बुडाले, नाकातोंडात पाणी गेलं, त्या मुलीने केसांना धरून वर काढलं आणि सगळ्या तुकडीने बघितलं. कठड्यावर बसून खोकत होते तेव्हा लाजेने मरायची वेळ आली असं वाटलं. पण मग घरी आले, चहा केला, प्यायले. लाजेने मरत नाही माणूस. आज पुन्हा गेले होते.

ताई

१६ जून

ताई,

तुला तार करणार होतो, पण मजकूर मावेना.

सुनावणी नगरपालिकेच्या सभागृहात होती. पक्षीमंडळ पहिल्या रांगेत होतं. माझी कानातली यंत्रं तेव्हा यायची होती, म्हणून ही माझ्या शेजारी बसून काय चाललंय ते कागदावर लिहीत होती. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिचं स्वतःचंही तसंच झालंय, त्यामुळे निम्मं कळलं नाही. नगर अभियंत्याने माझी ओळख करून दिली. केंद्रातल्या गोष्टी सांगितल्या, कांबेचीसुद्धा. मग मला बोलायला उभं केलं.

मी लिहून नेलेलं भाषण काढलं नाही. मी म्हटलं, “माझ्या अहवालातलं शून्य चुकीचं आहे. पाणथळीत वटवटे आहेत. मला ऐकू येत नाही. मला बरीच वर्षं ऐकू येत नाही आणि मी ते लपवलं.”

सभागृहात शांतता पसरली, असं ही नंतर म्हणाली. मला फरक कळला नाही.

नगर अभियंता काहीतरी विचारत होता. मी म्हटलं, इकडे तोंड करून बोल. तो मंचावरून उतरून माझ्यासमोर आला आणि म्हणाला, “सर, मग ती कांब?” मी म्हटलं, “दाढ.” तो परत वर गेला आणि प्रस्तावाचा कागद घडी करून खिशात ठेवला. दंतवैद्य बाई एवढंच म्हणाल्या की कुठली दाढ ते मला नंतर दाखवा.

पुढे तिघांनी मिळून नव्याने मोजणी केली. एक्केचाळीस निघाले. गेल्या वर्षीपेक्षा तीन जास्त. मी तीन महिने न हलता बसलो त्यामुळे त्यांना निवांतपणा मिळाला, असं मंडळातल्या एकाने चांगल्या हेतूने सांगितलं. बस उभ्या करायला स्टेडियममागची जागा बघताहेत. पाटी जिथल्या तिथे आहे.

केंद्रातल्या दोघा-तिघांचे फोन आले. एकाने बोलणं बंद केलंय. एक मात्र घरी येऊन बराच वेळ नुसता बसला आणि जाताना त्या डॉक्टरांचा पत्ता घेऊन गेला.

यंत्रं आली. फ्रीज आवाज करतो, माझ्या चपला आवाज करतात, आणि मी चहा पिताना जे करतो ते हिने इतकी वर्षं कसं सहन केलं कळत नाही. हिचं बरंच सांगायचं राहिलं होतं. ती ते क्रमाने घेते आहे. सध्या आम्ही दोन वर्षांपूर्वीच्या दिवाणखान्याच्या रंगावर आहोत. काल तू फोनवर माझ्याशी भांडलीस ते अगदी स्वच्छ ऐकू आलं.

मंडळाने आवाजावरच्या मोजणीतून मला काढलं. आता माझ्याकडे बदकं आहेत. बदकं मोठी असतात, उघड्यावर बसतात, माणसाचा अंत बघत नाहीत. उत्तर पाणथळ त्यांनी हिला दिली. तिला म्हणे कान आहे. मी होडी वल्हवतो आणि वही धरतो. ती बोट वर करते, मी लिहितो. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून हे काम माझ्याकडे राहू दिलंय, असं तिने मला सांगितलं.

गेल्या मंगळवारी सातव्या जागेवर बसलो होतो. होडीपासून चार हातांवर एक लव्हाळं हललं आणि त्याच्या टोकापर्यंत एक वटवट्या चढून आला. पुस्तकात आहे त्याहून बारीक. इतका उघड्यावर तो कधी येत नाही. त्याने चोच उघडली. आतून ती पिवळी असते, हे पुस्तकात नाही. गळ्यावरची पिसं फुलली आणि तो शेपटीपर्यंत थरथरायला लागला. त्याच्याबरोबर लव्हाळंही. हिने बोट वर केलं, मग माझ्याकडे बघून हळूच खाली घेतलं. तो बराच वेळ तसा होता. मधे एकदा थांबला, चोच पुसली, पुन्हा सुरू केलं. मी यंत्राची कळ पूर्ण वर नेली होती. पाण्याचा आवाज आला, हिच्या श्वासाचा आला.

तो उडून गेल्यावर हिने विचारलं, “दिसला?”

मी म्हटलं, “दिसला. फार मोठ्याने गात होता.”

तुझा,
धाकटा